७२ वी यांत्रिक ब्रिगेड: बिला त्सेर्कवा ते वुहलेदार

कडीकुलूप (धागालेखक)

युक्रेन युद्धावर इथे धागे कमी झाले नाहीत, पण बहुतेक सगळे पुतिन, नाटो आणि तेलाचे भाव ह्यांच्याभोवती पिंगा घालून शेवटी आपल्याच राजकारणावर येऊन आपटले. प्रत्यक्ष लढणाऱ्या पलटणींबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून एकच ब्रिगेड धरून लिहितोय. बरेच दिवस तिच्या मागावर होतो. कंटाळा आला तर सरळ खाली प्रतिसादांवर जा, खरी मजा तिथेच असते.

७२ वी यांत्रिक ब्रिगेड. मुक्काम बिला त्सेर्कवा, कीवच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर, ओडेसाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. मूळ सोव्हिएत. स्तालिनग्राडला लढलेल्या २९ व्या रायफल डिव्हिजनला १९४३ मध्ये 'गार्ड्स' हा मान मिळाला आणि ती ७२ वी गार्ड्स डिव्हिजन झाली. त्याच वर्षी क्रास्नोहराद शहर सोडवलं म्हणून त्या शहराचं नाव बिरुदात आलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जानेवारी १९९२ मध्ये डिव्हिजनने युक्रेनशी एकनिष्ठतेची शपथ घेतली आणि २००२ मध्ये तिची ब्रिगेड झाली. त्यानंतरची दहा-बारा वर्षं मात्र अगदीच रया गेलेली. पैसा नाही, सराव नाही, गाड्या उभ्या जागी गंजतायत. तेव्हा युक्रेनच्या जवळजवळ सगळ्याच सैन्याची हीच गत होती.

मग उजाडलं २०१४. दोनबासमध्ये बंडखोरांना रशियाकडून येणारी रसद तोडायची म्हणून युक्रेनने दक्षिणेकडून सीमेच्या कडेकडेने एक पट्टा काबीज करायचा बेत केला. नकाशावर ही चाल फार देखणी दिसते. प्रत्यक्षात तो पट्टा म्हणजे लांबच लांब चिंचोळी पट्टी होती. एका अंगाला बंडखोर, दुसऱ्या अंगाला रशियाची सीमा, मध्ये सावुर-मोहिलाची टेकडी बंडखोरांच्या हातात आणि मागे जायला धड रस्ता नाही. ७२ वी ह्या पट्टीच्या पार पूर्व टोकाकडे अडकली. ११ जुलैच्या पहाटे झेलेनोपिल्या गावाजवळच्या तळावर 'ग्राद' रॉकेटांचा मारा झाला. तिथे २४ व्या आणि ७९ व्या ब्रिगेडची माणसं होती, ७२ वीचीही होती. ३० हून अधिक जण गेले. सीमेपलीकडून तोफांचा मारा होत असताना उलट गोळा टाकायचा नाही असा हुकूम होता, कारण पलीकडे टाकला की तो रशियावर हल्ला ठरणार!

ऑगस्ट उजाडला तेव्हा दारूगोळा संपत आला होता. अधिकृत सांगणं असं, की ब्रिगेडचे दोन भाग झाले. एकाने फळी फोडून बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने मागे राहून त्यांना गोळीबाराची आड द्यायची. मागे राहिलेल्यांच्या गोळ्या संपल्या आणि ते ४ ऑगस्टच्या सुमारास सीमा ओलांडून रशियात गेले. रशियन सीमारक्षकांनी ४३८ हा आकडा दिला. बहुतेक जण लवकरच परत आले. पण 'शस्त्र टाकून शत्रूच्या मुलखात गेलेली ब्रिगेड' हा डाग कपाळी बसला तो बसलाच. कीवमधल्या वाहिन्यांवर, घरगुती गप्पांत कितीतरी काळ हेच चालू होतं. त्याच वेळी ज्यांनी फळी फोडून वाट काढली, त्यांच्याबद्दल बोलायला कुणी तयार नव्हतं.

मला ह्या ब्रिगेडमध्ये रस आहे तो ह्यामुळे. आठ वर्षांनी राजधानी वाचवायला जी यांत्रिक ब्रिगेड उभी होती, ती हीच.

मधली वर्षं भरभर सांगतो. वोल्नोवाखाची आघाडी झाली. मग २०१६-१७ चा अवदीइव्का, तिथल्या कोक कारखान्याजवळचा औद्योगिक पट्टा. जानेवारी २०१७ अखेरच्या कडाक्याच्या थंडीत तिथे मोठी चकमक झाली. कॅप्टन आंद्री किझिलो तिथे पडला, त्याला मरणोत्तर 'युक्रेनचा वीर' हा किताब मिळाला. त्या दिवसांत गावातली वीज आणि घरं गरम ठेवणारी यंत्रणा दोन्ही बंद पडली होती, उणे २० च्या आसपास तापमान. आपल्याकडे बारा अंशाला शेकोटी पेटते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिगेडला नवं नाव मिळालं, 'काळे झापोरोझियन'. १९१८ ते १९२० च्या युक्रेनी प्रजासत्ताकाच्या फौजेत ह्या नावाची घोडदळाची पलटण होती. काळ्या टोप्या, काळं निशाण, आणि 'युक्रेन किंवा मरण' हे वाक्य. ते वाक्य आणि कवटी आज ब्रिगेडच्या बिल्ल्यावर आहेत. त्याआधीच, २०१५ आणि २०१६ मध्ये, सोव्हिएत पदकं आणि 'गार्ड्स' ही पदवी काढून टाकली होती.

कीव आणि वुहलेदारबद्दल खाली प्रतिसादात लिहितो, नाहीतर धागा फुगेल.

---

पावशेर

वाचतोय. 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत' म्हणायची सोय नाही, कारण पुढचा भाग प्रतिसादातच येणार म्हणताय.

एक अडाणी प्रश्न. ब्रिगेड म्हणजे नक्की किती माणसं? बातम्यांत कधी पलटण, कधी रेजिमेंट, कधी ब्रिगेड, सगळं एकाच मापात मोजतात.

---

नगरकर नाना

पावशेर, प्रश्न अडाणी नाही. वर्दीतल्यांचाही गोंधळ होतो.

मी यांत्रिक पायदळात होतो. नगरला आमचं रेजिमेंटल सेंटर, सगळी उमेदीची वर्षं बीएमपी ह्या पायदळाच्या चिलखती गाडीच्या पोटात गेली. आपल्याकडे ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणी आणि एक मुख्यालय. तोफखाना, बाकीची मदत वरून डिव्हिजनकडून येते. युक्रेनने सोव्हिएत डिव्हिजन मोडून ब्रिगेडी केल्या, तेव्हा डिव्हिजनचा बराचसा संसार ब्रिगेडच्याच पदरात टाकला. तीन यांत्रिक पलटणी, एक रणगाड्यांची पलटण, स्वतःचा तोफखाना, त्यात ग्रादही आले, विमानविरोधी तुकडी, सॅपर, टेहळणी. कागदावर तीन-चार हजार माणूस सहज. आपल्याकडे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'रुद्र' ब्रिगेडचा विचारही साधारण ह्याच वळणाचा आहे, सगळी हत्यारं एका कमांडरच्या हाताखाली.

ह्यात एक खोट आहे. वर डिव्हिजन नाही, तर दोन ब्रिगेडींच्या मधल्या सांध्याची जबाबदारी कुणाची? शत्रू बरोबर सांध्यात घुसतो. युक्रेनने २०२५ मध्ये कोअर, म्हणजे अनेक ब्रिगेडींना एकत्र बांधणारी वरची रचना, उभारायला घेतली ती ह्यामुळेच. हे आधी करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत.

आणि बीएमपीबद्दल. लोकांना वाटतं चिलखती गाडी म्हणजे आत बसला की वाचला. बीएमपी-२ ला मागे दोन दारं असतात, जवान तिथूनच चढतो-उतरतो. त्या दारांच्या पोटातच डिझेलच्या टाक्या आहेत. लढाईत त्या रिकाम्या ठेवायच्या असतात, पण लांबच्या मजलेत कोण ठेवतो? खाली सुरुंग फुटला तर आत बसलेल्याचे पाय जातात. म्हणून युक्रेनच्या चित्रफितींत जवान गाडीच्या टपावर बसलेले दिसतात. ती बेशिस्त नाही, तो साधा व्यवहार आहे.

---

उनाड पाखरू

मी विनित्साला मेडिकलला होते, २०२२ च्या मार्चमध्ये रोमानियाच्या सीमेवरून परत आले. ऑपरेशन गंगा वगैरे. त्यावर इथे पुष्कळ लिहून झालंय, परत नको.

कीवला जाता-येता बिला त्सेर्कवा लागायचं. युद्धाच्या आधीही बसस्टँडवर हिरवट ठिपक्यांचे गणवेश घातलेली मुलं दिसायची. वयाने आमच्याच एवढी, हातात कॉफीचा कागदी पेला, पाठीवर भलीमोठी बॅग. तिथल्या जवळजवळ प्रत्येक गावाच्या चौकात २०१४ नंतर गेलेल्यांचे फोटो लावलेले असतात. आम्हाला पहिल्या वर्षी वाटायचं की हे दुसऱ्या महायुद्धातले. मग एकदा जन्मसाल वाचलं, १९९३. तेव्हा कळलं.

जवानाची शवपेटी गावातून जाते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक गुडघे टेकतात. भाजीवालीसुद्धा, हातातलं सामान खाली ठेवून. मी हे पाहिलंय, टीव्हीवर नाही.

कीवचं लिहा लवकर.

---

कडीकुलूप

नाना, दंडवत. तुमच्या प्रतिसादानंतर मूळ धाग्याची लाज वाटायला लागलीय.

पाखरू, घ्या कीव.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या सकाळी रशियन हेलिकॉप्टरं होस्तोमेल विमानतळावर उतरली. हिशेब सरळ होता: धावपट्टी घ्यायची, मोठ्या विमानांतून फौज आणायची, कीव दोन-तीन दिवसांत. युक्रेनच्या चांगल्या ब्रिगेडी बहुतेक पूर्वेला दोनबासच्या आघाडीवर. राजधानीभोवती तोफखान्याच्या ब्रिगेडी होत्या, नॅशनल गार्डची तुकडी होती, प्रादेशिक संरक्षण दलात कालपर्यंत टॅक्सी चालवणारे आणि संगणकावर काम करणारे लोक होते. नियमित सैन्यातली यांत्रिक ब्रिगेड म्हणाल तर ७२ वीच. कमांडर कर्नल ओलेक्सांद्र व्दोविचेन्को. तिच्या वाट्याला आलेला मुलूख एका ब्रिगेडने सांभाळायचा नव्हेच: नीपर नदीच्या दोन्ही काठांवर, वायव्येला इर्पिन नदीची बाजू आणि ईशान्येला ब्रोवारीची.

ब्रोवारीचं दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, नाव लक्षात नसेल. १० मार्चच्या सुमाराला रशियन ९० व्या रणगाडा डिव्हिजनचा लांब ताफा हमरस्त्यावरून रांगेत चाललाय, दोन्ही बाजूंना घरं, आणि अचानक पुढची गाडी पेटते, मागची पेटते, मधल्या एकमेकींच्या अंगावर चढतात. वरून ड्रोनने घेतलेली ती चित्रफीत जगभर फिरली. ताफ्यातल्या रेजिमेंटचा कमांडर तिथेच मारला गेला अशी बातमी होती. ती चढाई तिथेच थिजली.

खरी झुंज मात्र मोश्चुनला झाली. तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मोश्चुन म्हणजे इर्पिनच्या पूर्व काठावरचं, पाइनच्या रानाला टेकलेलं गाव, अर्ध्याहून जास्त घरं कीवकरांची सुट्टीतली. ते हातचं गेलं की रानातून सरळ शहराच्या वेशीवर. रशियन छत्रीधारी सैन्याने मार्चच्या पहिल्या आठवड्यातच नदीवर तरंगते पूल टाकायला घेतले. ७२ वीची माणसं तिथे खंदकात बसली आणि त्यांच्यावर अक्षरशः चोवीस तास गोळे पडत राहिले. खंदक बुजायचे, परत उकरायचे. मधे एकदा गाव सोडायची भाषाही झाली, पण सोडलं नाही.

त्यांना वाचवलं नदीने, असं म्हटलं तरी चालेल. इर्पिन ही तशी ओढ्याएवढी नदी. नीपरवरच्या कीव जलाशयाची पातळी तिच्यापेक्षा उंच आहे, म्हणून कोझारोविचीला धरण बांधून तिचं पाणी पंपाने वर जलाशयात टाकावं लागतं. फेब्रुवारीच्या अखेरीस युक्रेननेच ते धरण उघडं केलं. जलाशयाचं पाणी उलटं खोऱ्यात शिरलं. सोव्हिएत काळात कोरडी केलेली दलदल पुन्हा दलदल झाली. तरंगते पूल वाहून गेले, पलीकडे उतरलेल्या तुकड्यांची रसद तुटली. २०-२१ मार्चच्या आसपास मोश्चुन मोकळं झालं आणि महिनाअखेर रशियाने कीवभोवतालची फौज काढूनच घेतली. देमिदिव गावच्या लोकांच्या तळघरांत मात्र पाणी राहिलं ते राहिलंच. तळघरात बटाटे आणि हिवाळ्याची बेगमी. गावकऱ्यांनी कुरकुर केली नाही म्हणतात. केली असेलच थोडी, आपण माणसं ओळखतो.

आज मोश्चुनला स्मारक आहे. व्दोविचेन्कोला 'युक्रेनचा वीर' मिळालं.

---

शंकासुर

लेख चांगला, पण एकतर्फी. तीन हरकती.

एक, सगळे आकडे युक्रेनचेच का? दोन, 'काळे झापोरोझियन' पलटणीचा म्होरक्या पेत्रो द्याचेन्को. ह्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धात काय केलं ते सोयीस्करपणे गाळलंत. तीन, ज्या स्तालिनग्राडमुळे नाव झालं तेच पुसायचं, हा कोणता न्याय?

---

गवती चहा

आला शंकासुर. आता धागा शंभरी गाठणार.

---

कडीकुलूप

शंकासुर, हरकती रास्त आहेत, उत्तर देतो.

द्याचेन्को आधी. १९१९-२० च्या हिवाळ्यात युक्रेनी प्रजासत्ताकाची उरलीसुरली फौज शत्रूच्या पिछाडीला घुसून पाच महिने लढत फिरली. त्या मोहिमेत 'काळे झापोरोझियन' घोडदळाने नाव काढलं आणि ते द्याचेन्कोच्या हाताखाली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या बाजूने लढला. १९४४ मध्ये जर्मन हुकुमतीखालच्या युक्रेनी तुकडीचं नेतृत्व केलं, शेवटी अमेरिकेत गेला आणि १९६५ मध्ये फिलाडेल्फियात वारला. हे झाकण्यात अर्थ नाही. पोलंडमध्ये ह्याबद्दल राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. ब्रिगेडला नाव पलटणीचं दिलंय, माणसाचं नाही, हा बचाव होऊ शकतो, पण तो पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही.

आकड्यांचं म्हणाल तर जिथे दावा आहे तिथे मी 'दावा' लिहीन. ४३८ हा आकडा रशियाचा आहे हे तुमच्या नजरेतून सुटलं काय?

तिसऱ्यावर नानांनी बोलावं.

---

नगरकर नाना

तिसऱ्या हरकतीवर. लष्करी वारसा हा काही सातबारा नव्हे की एकदा नाव चढलं की हलायचं नाही. आपल्याच मराठा लाइट इन्फंट्रीकडे बघा. इंग्रजांच्या काळात मेसोपोटेमियात मिळवलेला शारकातचा सन्मान पलटण आजही अभिमानाने पाळते. पण त्याच इंग्रजांसाठी आपल्याच भूमीवर आपल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले सन्मान भारतीय लष्कर साजरे करत नाही. म्हणजे काय ठेवायचं आणि काय नाही हे प्रत्येक देश ठरवतोच.

युक्रेनच्या बाबतीत गोष्ट अधिक अवघड. 'गार्ड्स' ही पदवी समोरच्या फौजेकडेही आहे. खंदकाच्या दोन्ही बाजूंना तेच बिल्ले, तीच गाणी, तेच आजोबा. एका बाजूने तर ते काढायलाच हवं होतं. माझं मत एवढंच, की स्तालिनग्राडला जे मेले त्यांत युक्रेनी पोरंही ढिगाने होती, त्यांची आठवण कुणी ठेवायची?

---

रेघोट्या

अवांतर: नाना, तुम्ही स्वतंत्र धागा काढा. हा आदेश समजा.

कडीकुलूप, वुहलेदार राहिलं. तिथे म्हणे रशियाचे रणगाडे एकाच शेतात एकामागून एक उडत गेले. सुरुंग दिसत असताना माणसं तिथेच का जातात? इतके मूर्ख कसे?

---

कडीकुलूप

रेघोट्या, मूर्ख नव्हते. थोडी जागा समजून घेतली की कळतं.

वुहलेदार हे १९६० च्या दशकात कोळशाच्या खाणींसाठी वसवलेलं गाव, युद्धाआधी वस्ती जेमतेम पंधरा हजार. सपाट माळरानात मधेच उंचवटा आणि त्यावर सोव्हिएत पद्धतीच्या बहुमजली इमारतींचा एकच ठोकळा. आजूबाजूला किलोमीटरच्या किलोमीटर उघडी शेतं. दक्षिणेला खोलगट भागात पाव्लिव्का. रशियाचं दुखणं असं, की वोल्नोवाखावरून क्रिमियाकडे जाणारा लोहमार्ग ह्या गावाच्या तोफांच्या टप्प्यात. त्यामुळे हे छोटं गाव घेणं त्यांना भाग होतं.

७२ वी इथे ऑगस्ट २०२२ च्या सुमाराला आली, कमांडर इवान विन्निक. नोव्हेंबरात पाव्लिव्काची लढाई झाली. समोर होती व्लादिवोस्तोकहून आलेली १५५ वी नौसैनिक ब्रिगेड. चार दिवसांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ३०० माणसं गमावली, असं पत्र त्या ब्रिगेडच्या जवानांनी आपल्या प्रांताच्या गव्हर्नरला लिहिलं आणि ते बाहेर फुटलं. शंकासुर, हा आकडा रशियन जवानांचा आहे. पाव्लिव्का रशियाने घेतलं खरं, पण पुढे उघडं माळरान होतं.

जानेवारीअखेर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते माळरान ओलांडायचा घाट घातला गेला. १५५ वी आणि कामचात्काची ४० वी नौसैनिक ब्रिगेड रणगाड्यांच्या रांगा करून आल्या. पुढे काय झालं ते नानांनी सांगावं, मी फक्त आकडा देतो: तीन आठवड्यांत १३० च्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या, हा युक्रेनी अधिकाऱ्यांचा दावा. चित्रफितींत दिसणारे सांगाडे मोजले तरी पराभव मोठाच होता.

---

नगरकर नाना

रेघोट्या, हे नीट ऐका.

सुरुंगांच्या शेतातून जायचं तर सगळ्यात पुढे नांगर किंवा रूळ लावलेला रणगाडा असतो. तो एक वाट साफ करतो. ती वाट किती रुंद? रणगाड्याच्या रुंदीएवढी, थोडी जास्त. बाकीचे त्याच्या चाकोरीत चालतात. चाकोरी सोडली की सुरुंग. आता वुहलेदारच्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर निरीक्षक बसलाय, वर ड्रोन आहे. तो रांग आत पूर्ण शिरेपर्यंत थांबतो. मग पहिल्या रणगाड्यावर क्षेपणास्त्र. युक्रेनचं स्वतःचं 'स्तुह्ना' आहे, पाच किलोमीटरपर्यंत जातं. त्यात चालवणारा माणूस क्षेपणास्त्राच्या नळीपासून दूर आडोशाला, हातात पडदा असलेली पेटी घेऊन बसतो. पहिला पेटला की वाट बंद. दुसऱ्याने बगल दिली की सुरुंगावर. मागचे मागे फिरायला बघतात.

इथेच खरा डाव. १५५ मिलिमीटरच्या तोफेतून असे गोळे टाकता येतात की जे हवेत फुटून रणगाडाविरोधी सुरुंग पसरतात. म्हणजे ज्या वाटेने तुम्ही दहा मिनिटांपूर्वी सुखरूप आलात, त्याच वाटेवर आता ताजे सुरुंग. साफ केलेली वाट, म्हणून चालक निर्धास्त मागे येतो.

आणि हे पुन्हापुन्हा का केलं? कारण वरून हुकूम आणि तारीख. वाटा दोन-तीनच, जमीन चिखलाची, पायदळाला रात्री पुढे पाठवून सुरुंग हाताने काढायला वेळ नाही. ही चढाई चालवणाऱ्या रशियन जनरल मुरादोवला पुढे पदावरून काढलं. पण लक्षात ठेवा, रशियन त्यातून शिकले. नंतर तसल्या रांगा करून ते ह्या गावावर आले नाहीत.

---

उनाड पाखरू

नाना, वाचताना पोटात गोळा आला. दोन्हीकडची पोरंच ती.

पण मग गाव पडलं कसं? एवढा बळकट किल्ला होता तर?

---

कडीकुलूप

समोरून पडलंच नाही. हा सगळा धागा काढला तो ह्या एका गोष्टीसाठी.

ऑगस्ट २०२२ पासून ब्रिगेड तिथेच. २०२३ गेलं, तिथेच. २०२४ चा उन्हाळा गेला, तिथेच. दोन वर्षांहून जास्त काळ संपूर्ण ब्रिगेडला मागे नेऊन विश्रांती, भरती, सराव असं काही मिळालंच नाही. पलटणी आपसांत आलटून पालटून थोड्या मागे जायच्या एवढंच. का? तर तिने धरलेली जागा पडत नव्हती. जी ब्रिगेड जागा टिकवते तिला हलवायचं धाडस कोण करणार? जी माणसं २०२३ च्या फेब्रुवारीत होती, त्यांतली किती २०२४ च्या सप्टेंबरात खंदकात होती, विचार करा. बिल्ला तोच, माणसं वेगळी, आणि कमी.

दरम्यान रशियाने समोरून डोकं आपटणं सोडलं. डिसेंबर २०२३ मध्ये ईशान्येला मारिन्का गेलं, २०२४ च्या उन्हाळ्यात त्या बाजूचा वुहलेदारकडे येणारा रस्ता तुटला. सप्टेंबरात पश्चिमेला प्रेचिस्तिव्का आणि ईशान्येला वोद्यानेजवळची खाण, दोन्ही बाजूंनी पकड आवळत गेली. वरून विमानातून सोडलेले तरंगत येणारे जड बाँब. ज्या उंच इमारती दीड वर्ष डोळे होत्या, त्याच एकेक करून खाली आणल्या. रसद बोहोयाव्लेन्काकडून यायची. शेवटी तो रस्ता ड्रोनच्या नजरेखाली आला आणि दिवसा गाडी जाईनाशी झाली. सप्टेंबरच्या अखेरीस, सगळं शेवटाला आलेलं असताना, विन्निकची बदली झाली. १ ऑक्टोबर २०२४ ला गावात रशियन निशाण दिसलं, दुसऱ्या दिवशी युक्रेनने माघारीचा हुकूम जाहीर केला. कित्येकांनी त्याआधीच रात्री शेतांतून पायी वाट धरली होती, आणि सगळे पोचले नाहीत.

२०१४ ची चिंचोळी पट्टी आणि २०२४ चं वुहलेदार शेजारी ठेवा. दोन्ही वेळा ब्रिगेडला जिथे ठेवलं तिथे ती राहिली. दोन्ही वेळा 'आता मागे या' हे सांगायला वरच्यांनी उशीर केला.

---

शंकासुर

ह्याच्याशी बऱ्यापैकी सहमत, लिहिताना जड जातंय. पण मग दोष रशियाचा की कीवमधल्या सेनापतींचा? तुमच्या लेखावरून तर दुसरंच वाटतंय.

---

नगरकर नाना

हल्ला कुणी केला आणि आपली माणसं कशी वापरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, शंकासुर. पहिल्याचं उत्तर एका ओळीत होतं. दुसरं प्रत्येक देशाच्या लष्कराला छळतं.

युक्रेनच्या बाजूने एक सांगतो. बदली ब्रिगेड पाठवायची तर ती असायला हवी. २०२३ च्या उन्हाळ्यातल्या चढाईत नव्या ब्रिगेडी झिजल्या, बाकीच्या बाख्मुत, अवदीइव्का ही भगदाडं बुजवण्यात गेल्या. भरतीचा कायदा महिनोन्‌महिने संसदेत रेंगाळला, भरतीचं किमान वय २७ वरून २५ वर यायला एप्रिल २०२४ उजाडला. नवी माणसं आली तेव्हा जुन्या ब्रिगेडी भरण्याऐवजी नव्या नावाच्या ब्रिगेडी उभारायची हौस. जुन्या ब्रिगेडमध्ये नवा पोरगा आला तर त्याला शेजारचा जुना जवान शिकवतो, खंदक किती खोल, ड्रोनचा आवाज कुठला आपला कुठला त्यांचा. नव्या ब्रिगेडमध्ये सगळेच नवे. कोण कुणाला शिकवणार?

---

पावशेर

नाना, ब्रिगेड जागेवरून काढून दुसरी बसवायला प्रत्यक्ष किती त्रास असतो? बाहेरून वाटतं, एक गेली, दुसरी आली.

---

नगरकर नाना

सगळ्यात धोक्याचं काम ते. दोन ब्रिगेडींची माणसं एकाच खंदकात, एकाच वाटेवर, आणि शत्रूला वास लागला तर एकाच गोळ्यात दुप्पट माणसं. म्हणून रात्री, थोडं थोडं. जुन्या माणसाने नव्याला हाताला धरून दाखवायचं असतं: आपले सुरुंग कुठे पेरलेत, कुठल्या झाडाच्या रांगेतून दिसत नाही, पाणी कुठून आणायचं, शेजारच्या पलटणीची हद्द कुठे संपते. सुरुंगांचा नकाशा देताना घाई झाली की नवी पोरं आपल्याच सुरुंगावर जातात. सोबत तोफांची ठाणी, वायरलेसच्या खुणा, ड्रोनवाल्यांच्या जागा, सगळंच सोपवायचं. पूर्ण ब्रिगेडचं हे काम नीट करायचं तर आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस समोरचा गप्प बसत नाही.

---

रेघोट्या

वाचनखूण साठवली. कडीकुलूप, पुढचा धागा ९३ व्या ब्रिगेडवर, 'खोलोद्नी यार'. दोनेत्स्क विमानतळ आणि बाख्मुत दोन्ही तिच्या खात्यात आहेत.

---

कडीकुलूप

लिहीन, पण दिवाळीनंतर. आणि ह्यावेळी नानांनी सुरुवात करायची, मी प्रतिसाद देणार.

---

शंकासुर

तेव्हा आकड्यांपुढे कुणाचा दावा ते कंसात लिहा. मी येणारच आहे.